वाचकांचे प्रश्न : वादळाने फाटलेला निंब ठेवावा की पाडावा?

प्रश्न : आमच्या घराच्या बाजूला कडुनिंबाचे मोठे झाड आहे. सासूबाईंच्या सांगण्यानुसार १९७४ साली घर बांधले, त्याच पावसाळ्यात सासऱ्यांनी ते लावले. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर सव्वासहा फूट भरतो. नऊ फुटांवर त्याचे दोन मोठे फाटे होते. दक्षिणेकडच्या फाट्याला दरवर्षी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गल्लीतल्या मुली झोका बांधत. यंदा आखाजीनंतर आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी वादळ आले आणि तोच फाटा बेचक्यातून फाटून खाली पडला. जाताना बुंध्याची साल आणि लाकूड चार फूट लांब सोलून घेऊन गेला. उरलेला फाटा पूर्वेकडच्या शेजाऱ्यांच्या दुमजली घराकडे झुकलेला आहे आणि ते घर बारा फुटांवर आहे. शेजारी म्हणतात की झाड पाडा, नाहीतर ते आमच्या गच्चीवर येईल, आणि आमच्या भिंतीला तडे गेले तेही याच्याच मुळांनी. सासूबाई झाडाला हात लावू देत नाहीत. लाकूड तोडणाऱ्याने तिसराच मार्ग सुचवला, की दहा फुटांवरून वरचे सगळे कापून टाकू, जखमेला डांबर लावू, झाड पुन्हा फुटेल. (दोन वर्षांपूर्वी बोळात गटार झाले तेव्हा पश्चिमेच्या बाजूला बुंध्यापासून चारेक फुटांवर खोदले होते, पण तेव्हा झाडाला काही झाले नाही.) सकाळी शाळेच्या रिक्षाची वाट पाहत मुले याच झाडाखाली उभी असतात. आम्ही काय करावे?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण कंसात लिहिली आहे. फाटलेली जखम डोळ्यांसमोर आहे, त्यामुळे घरातले, शेजारचे आणि लाकूड तोडणारा असे सगळे वर पाहून भांडत आहेत. मला मात्र पत्र वाचताना जखमेपेक्षा गटाराची अधिक काळजी वाटली. त्याचे कारण पुढे देतो, परंतु आधी जखमेविषयी.

माणसाची जखम भरते तशी झाडाची भरत नाही. उघडे पडलेले लाकूड पुन्हा जिवंत होत नाही. झाड त्याच्या भोवती आतून अडसर घालते, कुज शक्य तेवढी त्या कप्प्यात कोंडते आणि बाहेरच्या कडांवर नवे लाकूड चढवत जाते. अॅलेक्स शायगो या अमेरिकी वनशास्त्रज्ञाने हजारो खोडे उभी चिरून ही गोष्ट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवून दिली. जखमेवर डांबर, ऑइलपेंट, शेण किंवा गेरू-चुना लावण्याची आपली पद्धत त्यामुळे निरुपयोगी ठरते, कारण लेपाने आतली कुज थांबत नाही, उलट डांबराखाली ओल धरून राहते. मोसंबी-लिंबाच्या बागेत बुंध्याला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावतात, ते डिंक्या रोगासाठी असते, तुटलेल्या फाट्यासाठी नव्हे. आपण एवढेच करावे, की लोंबणारी साल आणि फाटलेल्या लाकडाचे टोकदार कुसळ धारदार पटाशीने साफ करून घ्यावे, जिवंत साल जिथे घट्ट चिकटलेली आहे तिथेच थांबावे आणि जखम उघडी ठेवावी.

फाटा तिथूनच का फाटला, हेही पाहून घ्या. दोन जाड फाटे इंग्रजी यू अक्षरासारख्या रुंद बेचक्यातून निघाले असतील, तर जोड मजबूत असतो. व्ही अक्षरासारख्या चिंचोळ्या बेचक्यात मात्र दोन्ही फाट्यांची साल मध्ये दबून राहते, लाकडाला लाकूड मिळतच नाही आणि असा जोड वर्षानुवर्षे नुसता टेकलेला असतो. फाटलेल्या जागी काळपट, जुनी साल दिसली, तर हे झाड रोगाने नव्हे, जन्मजात दोषाने फाटले असे समजावे, आणि तो दोष आता फाट्यासोबत निघून गेला आहे. झोक्याच्या दोराने फांदीवर पडलेला खाचा फाटण्याचे कारण असण्याची शक्यता कमी आहे, कारण आपण लिहिता त्याप्रमाणे फाटा दोराच्या जागी नव्हे, बेचक्यात तुटला. तरीही पुढच्या आखाजीला दोराखाली गोणपाटाची जाड घडी ठेवावी आणि झोका याच झाडाला न बांधता दुसऱ्या झाडाला बांधावा.

आता बुंध्यात किती धड लाकूड उरले ते पाहायचे. लाकडी मोगरी घेऊन बुंध्याभोवती वीतभर अंतराने, जमिनीपासून डोक्याच्या उंचीपर्यंत ठोकत जावे. भरीव ठिकाणी आवाज टणक येतो आणि पोकळ ठिकाणी ढोलासारखा बसका येतो. आपल्या झाडाचा घेर सव्वासहा फूट, म्हणजे जाडी सुमारे दोन फूट आणि मध्यापासून बाहेरचे अंतर एक फूट. आतून पोकळ झालेल्या झाडाविषयी एक ढोबळ मोजमाप वापरले जाते, ते असे, की सभोवार उरलेल्या धड लाकडाची जाडी या अंतराच्या एक तृतीयांशापेक्षा कमी असू नये. आपल्या झाडाला ती किमान चार इंच हवी. हे मोजमाप सगळीकडून बंद असलेल्या पोकळीसाठी आहे; एका बाजूने उघडी जखम असेल, तर त्याहून अधिक लाकूड हवे. ताज्या फाटलेल्या जखमेखाली लाकूड पिवळसर, कोरडे आणि घट्ट असेल, नख रुतत नसेल, तर केवळ चार फुटांची साल गेली म्हणून पन्नास वर्षांचा निंब पाडावा असे मी म्हणणार नाही.

मात्र ही सगळी आशा गटारापाशी येऊन थांबते. कडुनिंबाचे सोटमूळ खोल जाते हे खरे असले, तरी मोठ्या झाडाला वाऱ्यात धरून ठेवण्याचे बरेचसे काम जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत पसरलेली आडवी मुळे करतात, आणि ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूची मुळे मांडवाच्या तणाव्यांसारखी ताणून धरतात. आपल्या तापी खोऱ्यात जून-जुलैचा वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो. आपले गटार पश्चिमेला आहे. आणि उरलेला फाटा पूर्वेला, शेजाऱ्यांच्या घराकडे कललेला आहे. म्हणजे तणाव्या कापल्या गेल्या असतील, तर त्या नेमक्या नको त्या बाजूच्या. बुंध्याच्या जाडीच्या तिप्पट अंतराच्या आत जाड मुळे तुटली, तर झाडाच्या पकडीविषयी शंका घ्यावी, असा जाणकारांचा संकेत आहे. आपल्या झाडासाठी ते अंतर सहा फूट होते आणि गटार चार फुटांवर आहे. ‘तेव्हा काही झाले नाही’ यावर विसंबू नका, कारण तोडलेल्या मुळाची कुज बुंध्यापर्यंत पोहोचायला काही वर्षे लागतात आणि त्या काळात पाने हिरवीगारच राहतात. उभ्या झाडाला पाणी द्यायला थोडी मुळेही पुरतात. वादळात उभे राहायला ती पुरत नाहीत.

म्हणून पहिले काम असे, की गटार आणि बुंधा यांच्यामधली माती कुदळ न मारता खुरप्याने आणि हाताने दोन फूट खोलीपर्यंत उकरून पाहावी. मनगटाहून जाड अशी कापलेली मुळे किती आहेत ते मोजावे आणि त्यांची टोके सुरीने खरवडून पाहावीत. टोक टणक असेल आणि कडेला नवी बारीक मुळे फुटली असतील, तर झाडाने धक्का सोसला आहे. टोक भुसभुशीत, ओले, तपकिरी लागले आणि ती कुज बुंध्याच्या दिशेने सरकलेली दिसली, किंवा बुंध्याच्या तळाशी लाकडासारखी कडक, थरावर थर चढलेली अळंबी चिकटलेली दिसली, तर वाट पाहू नये. त्याच वेळी पश्चिमेच्या बाजूला जमिनीत अर्धवर्तुळाकार भेग पडली आहे का, वारा सुटल्यावर तिथली माती वर उचलल्यासारखी हलते का, हेही पाहावे. झाड आधीपासून वाकडे असणे वेगळे आणि नव्याने कलणे वेगळे. जुन्या कलाच्या झाडाचा शेंडा पुन्हा सरळ आकाशाकडे वळलेला असतो, नव्याने कललेल्या झाडाचा शेंडाही बुंध्यासोबत एका रेषेत आडवा झुकतो. काळ्या मातीत ही परीक्षा थोडी फसवी असते, कारण उन्हाळ्यात ती झाड असो-नसो भेगाळतेच. पण त्या भेगा सगळीकडे जाळीसारख्या असतात, बुंध्याला वेढणारी एकच रुंद भेग निराळी दिसते.

दुसरे काम आजच करता येईल. धोका झाडात असतो तितकाच तो झाडाखाली काय आहे यातही असतो, आणि झाड हलवता येत नसले तरी खालच्या पुष्कळ गोष्टी हलवता येतात. रिक्षा थांबण्याची जागा पन्नास फूट पुढे न्या, दुचाक्या तिथून काढा, आणि वारे सुटले की शेजाऱ्यांनी गच्चीवर जाणे टाळावे असे त्यांना समजावून सांगा. एवढ्याने घर सुटत नाही हे मला कळते, पण मुले सुटतात आणि निर्णयाला आठ-पंधरा दिवसांची उसंत मिळते.

मुळे धड निघाली, तर उरलेला फाटा हलका करावा लागेल, कारण जोडीदार गेल्यामुळे सगळा भार आता एका बाजूला आला आहे. इथे लाकूड तोडणाऱ्याचा दहा फुटांचा उपाय मात्र मान्य करू नका. छाटणी म्हणजे भादरणे नव्हे. अशा बोडक्या खोडावर जो झुपकेदार फुटवा येतो तो सालीच्या नुसत्या वरच्या थरातून आलेला असतो, चार-पाच वर्षांत जड होतो आणि वाऱ्यात सहज निखळतो. शिवाय आजवर सावलीत असलेली साल ४४-४५ अंशांच्या उन्हात उघडी पडली की भाजून चिरते. शेजाऱ्याकडे गेलेली लांब टोके मागे घ्यावीत, तीही प्रत्येक टोक एखाद्या अशा बाजूच्या फांदीपर्यंत, जिची जाडी कापलेल्या फांदीच्या निदान एक तृतीयांश आहे. आणि एकूण पालवीचा चौथा हिस्सा एकदम काढू नये. जाड फांदी कापताना आधी खालून एक तृतीयांश काप घ्यावा, मग थोडे बाहेरून वरून कापून भार उतरवावा आणि शेवटी फांदीच्या बुडाशी जी फुगीर वळी असते ती शाबूत ठेवून उरलेला खुंट काढावा. अगदी बुंध्याशी सपाट कापले तर दिसायला नीटस दिसते, पण झाडाचा अडसर घालण्याचा भागच कापला जातो. जवळून वीजवाहिनी जात असेल, तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय कोणालाही वर चढू देऊ नये. फाट्याला तार किंवा साखळी आवळून बांधण्याचा सल्ला कोणी दिल्यास तोही नाकारावा, कारण ती वर्षा-दोन वर्षांत सालीत रुतते.

शेजाऱ्यांच्या तड्यांचा प्रश्न स्वतंत्र आहे आणि तो रागाने सुटणार नाही. मुळे धड काँक्रीट फोडून आत शिरत नाहीत. ती फुटलेल्या पाइपाच्या सांध्यात पाण्यामागे शिरतात. काळ्या मातीत मात्र ती दुसऱ्या तऱ्हेने त्रास देतात. ही माती सुकली की आकसते आणि भिजली की फुगते, आणि मोठे झाड उन्हाळ्यात तिच्यातील पाणी ओढून हा आकस वाढवते. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण करून महिन्यातून एकदा अंतर मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. तडा मे महिन्यात रुंदावत असेल आणि सप्टेंबरात मिटत असेल, तर कारण मातीतील ओलाव्याचे चढउतार आहे. त्यात झाडाचा वाटा असू शकतो, पण गच्चीच्या पाण्याचा पाइप पायाशीच सुटलेला असेल, तर त्याचाही असतो, आणि तो आधी दुरुस्त करणे स्वस्त पडते. शेजाऱ्यांना हेही सांगा, की त्यांचे घर झाड मोठे झाल्यानंतर बांधलेले असेल, तर झाड काढल्यावर पायाखालची माती हळूहळू भिजून फुगते आणि काही काळाने नवे तडे जाऊ शकतात. झाड पाडले म्हणजे भिंत बरी झाली, असे होत नाही.

आणखी एक सावधगिरी. पुढे पावसाळ्यात किंवा त्यानंतर निंबाचे शेंडे तपकिरी होऊन वाळताना दिसले, तर घाबरून ‘झाड मेले’ असा निष्कर्ष काढू नका. कडुनिंबाला शेंडेमर नावाचा एक बुरशीजन्य विकार होतो, त्यात टोके वाळतात आणि पुढच्या हंगामात खालून पुन्हा पालवी येते. मी स्वतः एकदा अशा झाडावर मृत्यूचा शिक्का मारला होता. मालकाला सवड मिळाली नाही म्हणून ते उभे राहिले, आणि चैत्रात त्याला आलेला मोहर पाहून मला त्या वाटेने जाताना संकोच वाटू लागला.

शेवटी कायदा. अमळनेरला नगरपरिषद असल्यामुळे महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. झाड आपल्या मालकीच्या जागेत असले तरी परवानगी लागते, आणि या कायद्यात ‘झाड तोडणे’ या शब्दात जाळणे, कापणे आणि कोणत्याही रीतीने इजा करणे हेही येते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड ‘प्राचीन वृक्ष’ गणले जाते, आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी झाडे लावण्याची तरतूद आहे. आपला निंब १९७४ चा, म्हणजे तो या व्याख्येत बसतो. नगरपरिषदेच्या वृक्ष अधिकाऱ्यांकडे अर्ज करताना घेर, घरापासूनचे अंतर, जखमेची आणि उकरलेल्या मुळांची छायाचित्रे जोडावीत आणि समक्ष पाहणीची मागणी करावी. जीविताला व मालमत्तेला धोका असलेल्या झाडाचा विचार कायद्यात केलेला आहे, पण तो धोका कागदावर दिसला पाहिजे. ‘झाड वाकले आहे’ एवढ्या एका ओळीच्या अर्जाने दोन्ही बाजूंचे नुकसान होते.

पत्रावरून माझा कल विचाराल तर तो असा : मुळे टणक निघाली तर निंब ठेवा, फाटा मागे घ्या आणि तीन पावसाळे लक्ष ठेवा, पश्चिमेची दोन-तीन जाड मुळे कुजलेली निघाली तर परवानगी घेऊन पावसाचा जोर वाढण्याआधी तो उतरवा, आणि सासूबाईंना ती मुळे हातात देऊन दाखवा. त्यांनी जखम पाहिली आहे, मुळे पाहिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या खळ्यात आजोबांच्याही आधीपासूनची चिंच आहे. बुंधा आतून इतका पोकळ आहे की लहान मूल आत उभे राहते. पंधरा फुटांवर आमचे पत्र्याचे घर आहे. विटा आणि सिमेंट भरून पोकळी बंद केली तर झाड बळकट होईल का? आणि पाडायचे ठरलेच, तर गावात परवानगी लागत नाही हे खरे का?
— एक शेतकरी, रावेर तालुका

उत्तर : सिमेंट भरू नये. झाड वाऱ्यात लवते, सिमेंट लवत नाही. दोहोंच्या मध्ये फट पडते, तिच्यात पाणी साचते आणि कुज वाढते. पुढे कधी झाड उतरवायची वेळ आली, तर करवतीला आतली वीट लागून माणूस जखमी होतो तो वेगळाच. पोकळीत पाणी साचते म्हणून खाली भोक पाडण्याचाही मोह टाळावा, कारण झाडाने कुजेभोवती घातलेला अडसर त्याने फुटतो.

पोकळ चिंच म्हणजे मरणारी चिंच असे समजू नका. झाडाचा जिवंत भाग सालीलगत असतो, मधला गाभा जुनाट, मेलेलाच असतो. तो गेला तरी बांबूसारखी बाहेरची नळी झाडाला पेलू शकते, आणि चिंचेचे लाकूड तर घाण्याला आणि मुसळाला वापरण्याइतके कठीण. आपल्याला आत शिरता येते ही खरे तर सोय आहे, कारण आतून आणि बाहेरून ठोकून भिंतीची जाडी सहज मोजता येते. वर सांगितलेले एक तृतीयांशाचे मोजमाप इथेही लावा, परंतु पोकळीचे तोंड बुंध्याच्या घेराच्या तिसऱ्या हिश्श्याहून रुंद असेल, तर ते मोजमाप विसरा, कारण एका बाजूने उघडी नळी पिळवटून फाटते. तसे असल्यास घराच्या बाजूच्या फांद्यांचा भार कमी करावा लागेल. पोकळीत कचरा पेटवणे, पाचट साठवणे किंवा जनावराचा खुंटा ठोकणे तेवढे बंद करा. खळ्यातल्या जुन्या चिंचा वाऱ्याने जितक्या पडतात, त्याहून अधिक आगीने आतून पोखरल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

पत्र्याचे घर राहते आहे की अवजारांचे, हे आपण लिहिलेले नाही. अवजारांचे असेल, तर शेड तीस फूट सरकवणे चिंच पाडण्यापेक्षा कमी खर्चाचे ठरेल. राहते असेल, तर दर पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर अशी दोनदा तपासणी करावी आणि तोंड रुंदावत चालले तर हयगय करू नये.

परवानगीबाबतची ऐकीव माहिती चुकीची आहे. ग्रामीण भागात महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू होतो आणि त्याच्या अनुसूचीत चिंच आहे. आंबा, मोह, जांभूळ, फणस, साग, खैर, अंजन हीही आहेत. झाड मालकीच्या शेतात असले तरी आधी परवानगी घ्यावी लागते. त्यासाठी तहसील कार्यालयात किंवा वनक्षेत्रपालांकडे सातबारा उताऱ्यासह जावे.

प्रश्न : आमच्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घराच्या भिंतीत पिंपळ उगवला आहे. दरवर्षी कापतो, तरी फुटतो. कोणी हिंग घालायला सांगतात. पिंपळ तोडू नये असे आईचे म्हणणे आहे.
— एक वाचक, एरंडोल

उत्तर : इथे मी झाडाची बाजू घेणार नाही. जमिनीतल्या झाडाला ठेवण्याचा विचार करता येतो. भिंतीतला पिंपळ भिंत घेऊनच मोठा होतो. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले बी सांध्यात रुजते, आणि वरून कापत राहिल्याने मूळ आतल्या आत जाड होते. बोटाएवढा असेल तोवर पावसाळ्यात भिंत ओली असताना मुळासकट निघतो. मूळ दगड-विटांच्या आत गेले असेल, तर ओढू नका, भिंत सुटेल. गवंड्याकडून तेवढाच सांधा उकलून मूळ बाहेर काढावे आणि तो पुन्हा चुन्याच्या गिलाव्यानेच भरावा. जुन्या चुना-मातीच्या बांधकामात सिमेंटची चकती बसवली, तर तिच्या कडेने ओल मुरते आणि तिथेच नवे बी रुजते. हिंगाचा उपाय ऐकीव आहे, त्यावर पावसाळा घालवू नका. धाब्यावरच्या खारी मातीचा थर तिथे खचला असेल, तर तोही त्याच वेळी नीट करून घ्यावा.

आईंच्या म्हणण्याचा मान राखता येतो. पिंपळ सहज जगणारे झाड आहे. मुळांसह निघालेले रोप ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच संध्याकाळी कुंडीत किंवा पिशवीत लावावे, सावलीत ठेवावे आणि पाने धरली की गावाबाहेर, घरापासून आणि विहिरीपासून दूर, मोकळ्या जागी लावावे.